बारा नावं

कपांवर झाकणं घट्ट, झाकणांवर आकडे.
सकाळी सातला शाळेच्या व्हरांड्यात
पोरं ठेवून जातात, खाली मान घालून,
जणू चोरीचा माल परत करतायत.
मी चाळणीखाली चाळणी लावते,
विकतचं बाटलीतलं पाणी ओतत राहते
(तळ्याचं चालत नाही, त्यात आधीच कुणी पोहत असतं)
आणि उरलेला गाळ बशीत घालून
उन्हात ठेवते.

तासाभरानं अंडी फुटतात.
कुशीला काटा असलेलं एकेक टरफल उघडतं
आणि आतून केसाळ ठिपका सुसाट निघतो
गोगलगाय शोधत.
गोगलगाय इथे नाही. इथे मी आहे.
पिपेटच्या टोकानं त्याला उचलते,
गुलाबी कागदावर सोडते.
कागद तेवढ्यापुरता पांढरा पडतो.
दुपारपर्यंत असे बावीस डाग,
आणि मान अवघडलेली.

माझं नाव कबासिंगुझी, पण तशी हाक कुणी मारत नाही.
आम्हा न्योरोंत प्रत्येकाला एक लाडाचं नाव असतं
आणि अख्ख्या लोकांत मिळून ही नावं बारा,
त्यातलंही एक राजासाठी राखलेलं.
उरलेल्या अकरांत आम्ही सगळे मावतो.
मासळी वाळवणारी अब्वोली, शाळेतली बाई अब्वोली,
मीही अब्वोली.
कुणी भेटलं की आधी हे नाव विचारायचं,
मगच तब्येत.

ओयिर्वोथला असलं नाव नाही. तो आलूर.
त्याची आई पलीकडून, काँगोच्या निळ्या डोंगराखालून
होडीत बसून आली, तेव्हा तो पोटात होता.
म्वितान्झिगे म्हणतो आम्ही या पाण्याला,
टोळांना मारणारं.
टोळ मेले असतील. बाकीचे पोहून आले.

उंचीच्या काठीला पाठ लावून तो उभा राहतो.
काठी म्हणते, अडीच गोळ्या.
अर्धी तो जिभेखाली लपवतो,
मला दिसतं. कडूच असतात.
कसाव्याचा उकडलेला तुकडा पुढे करते
आणि वाट बघते.

आठ महिन्यांनी दूरच्या शहरातून पानं आली.
चारच अक्षरांची बाराखडी, पानामागून पान.
ओयिर्वोथच्या बारा डागांमागे
निदान नऊ जोडपी.
नऊ बिऱ्हाडं त्याच्या आतड्यालगतच्या शिरांत,
नवऱ्यानं बायकोला अंगाच्या पन्हळीत धरलेलं,
वर्षानुवर्षं, मिठी न सोडता,
आणि एकाचा पाठ दुसऱ्याशी जुळत नाही.
इथे अक्षर बदललेलं, तिथे गळलेलं,
एका ओळीत तर ओळखच पटू नये.
कुणाचे पूर्वज या काठचे, कुणाचे त्या.
बारसं कुणाचंच झालेलं नाही.

त्याला सांगितलं. नऊ? म्हणाला,
आमच्या घरात तर सहाच माणसं.
हसला. मग पोटावर हात ठेवून
जरा वेळ तसाच बसून राहिला.

पुढच्या वर्षी पुन्हा कप, पुन्हा ऊन.
डाग सातच,
पण वेगळेपण जवळजवळ तेवढंच.
त्यातले दोन जुन्याच एका जोडप्याचे.
ते जोडपं गोळीला पुरून उरलं,
की मी बघितली ती वाट पुरेशी नव्हती,
की त्यांचे हुबेहूब जुळे पाण्यात थांबलेलेच होते?
कागद एवढं सांगत नाही.
आणि पोरगा काही पाण्यात जायचा थांबणार नाही,
जाळं त्याच्या बापाचं आहे.

एक गोष्ट वहीत लिहिलेली नाही.
पहिल्या वर्षी एका कपावर आकडा मीच घातला,
एकशे चाळीस. आत माझंच होतं.
मीही याच काठावर भांडी घासत वाढले.
एकशे चाळीसचा एक डाग आणि ओयिर्वोथचा एक:
भावंडं. सख्खी नव्हेत, बापाकडून.
म्हणजे कधीतरी एकाच गोगलगायीनं सोडलेल्या
हजार सारख्या शेपट्यांतली
एक माझ्या घोट्यात शिरली, एक त्याच्या.
याला सोयरीक म्हणायचं की काय,
आमच्या भाषेत शब्द नाही, त्याच्याही नसावा.

संध्याकाळी तो कमरेएवढ्या पाण्यात जाळं धूत होता.
मी काठावरून हाक मारली:
अब्वोली!
तीन बायका वळल्या.
तो नाही.